डहाळी हिरवी आहे तोवर

१

पठाराच्या फाटकाशी रनमेणिकेचं चहाचं दुकान होतं. दुकान कसलं, चार खांब, वर पत्रा, दोन बाकडी आणि एक चूल. पण सकाळी सहाला त्या चुलीतून धूर निघाला नाही, तर फाटकावरच्या माणसांना उजाडल्यासारखं वाटायचं नाही. नुवारा एलियाहून पहिली व्हॅन चढून यायची, माणसं कुडकुडत उतरायची, आणि आल्याचा कोरा चहा, सोबत कितुळाच्या, म्हणजे रानताडाच्या, गुळाचा खडा, एवढं पोटात गेल्याशिवाय कुणाचं पाऊल पुढं पडायचं नाही.

आतली वाट एकच, नऊ किलोमीटरची फेरी. फाटकातून डावीकडं शिरायचं, गवताळ माळावरून धाकटा कडा, मग थोरला कडा, तिथून खाली सुदुएल्लचा धबधबा, मग ओढा, आणि ओढ्यावरून वळून फाटकाच्या उजव्या अंगानं बाहेर. उलटं कुणी जात नाही. का म्हणून विचाराल, तर वाट अरुंद आहे एवढंच उत्तर मिळेल.

फाटकाच्या आत दहा पावलांवर, डावीकडच्या वाटेला, कीनचं जुनं झाड आहे. आत जाणाऱ्यानं एक हिरवी डहाळी मोडायची, त्या झाडाच्या बेचक्यात अडकवायची आणि रानातल्या देवाला सांगायचं, बाबा, आम्ही आत चाललोय, लक्ष असू दे. बाहेर आलं की आपली डहाळी काढून टाकायची, म्हणजे देव मोकळा. कोलंबोची माणसं हसतात, पण लावतात. डोंगरात शिरताना उगीच विषाची परीक्षा कोण घेतो? एखादी डहाळी राहूनच गेली तर आठ-दहा दिवसांत वाळून आपोआप गळते. गळली की समजायचं, देवानं त्या माणसाला सोडलं, तो आपल्या वाटेनं गेला.

रनमेणिके रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी कालची डहाळी काढायची आणि तिथंच ताजी लावायची. ती स्वतः आत जायची नाही. डहाळी नवऱ्याची होती.

मुतुबंडा तीस वर्षं या फेरीवर वाटाड्या होता. डोळे बांधून सोडला असता तरी परत आला असता. अकरा महिन्यांपूर्वी एका दुपारी धुकं उतरलं, कोलंबोची एक मुलगी मागे राहिली म्हणून तिच्या माणसांनी आकांत मांडला, आणि मुतुबंडा लाल लोकरी टोपी डोक्यावर ओढून, काठी घेऊन तिला बघायला आत गेला. जाताना म्हणाला, "मेणिके, चहा ठेव, आलोच." अर्ध्या तासात ती मुलगी हसत-रडत उजव्या अंगानं बाहेर आली. मुतुबंडा आला नाही. नऊ दिवस शोधलं. सैन्याची पोरं दोर लावून कड्याखाली उतरली. टोपी नाही, काठी नाही, काही म्हणजे काही सापडलं नाही.

त्यानं लावलेली डहाळी तिसऱ्या दिवशी कोमेजायला लागली. रनमेणिकेनं ती पाहिली. ही गळली तर देवाचं लक्ष गेलं! तिनं कुणाला न विचारता नवी तोडली आणि तिथं लावली. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कुरुणेगलचं एक म्हातारं जोडपं बाहेर आलं. दोघंही मास्तर, निवृत्त. मास्तरीणबाईंनी बूट काढून पाय चोळले, चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणाल्या, "अगं, मेणिके तूच ना? मागून एक जण येताहेत. म्हणाले, मेणिकेला सांगा, चहा ठेव."

२

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "कोण येतंय?"

"नाव नाही बाई विचारलं. लाल टोपी होती. धबधब्यापाशी बसले होते, बुटातलं पाणी काढत."

रनमेणिकेनं चहा ठेवला. कसा ठेवला तिचं तिला माहीत. दुपारचे बारा वाजले, दोन वाजले, धुकं उतरलं. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा तिकिटाच्या खोपटातून सुगतदास आला.

सुगतदास म्हणजे फाटकावरचा कारकून. आत जाणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बिस्किटांची प्लास्टिकची वेष्टणं काढून घ्यायची, माणसं मोजून आत सोडायची आणि मोजून बाहेर घ्यायची, हे त्याचं काम. बडबड्या, चेष्टेखोर, पण माणूस सोन्यासारखा.

"मेणिके अक्का, कुणासाठी भांडी जाळतेस? आत आता सांबरांशिवाय कुणी नाही. एकेचाळीस गेले, एकेचाळीस आले."

"लाल टोपीवाला कुणी होता त्यात?"

सुगतदासचं हसू मावळलं. तिनं सकाळचा निरोप सांगितला तसा तो म्हणाला, "अक्का, असला निरोप ज्यानं दिला ना, त्याची जीभ झडो. माणसं चेष्टा कशाची करतील, नेम नाही."

"मास्तरीणबाई होत्या रे त्या. चेष्टा करतील?"

"मग तुझ्या नवऱ्याची गोष्ट व्हॅनवाल्यानं सांगितली असेल वर येताना. म्हातारपणी ऐकलेलं आणि बघितलेलं एकात एक मिसळतं. माझी आई नाही का, मेलेल्या म्हशीला चारा घाला म्हणते!"

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. बाईमाणसानं एकटीनं राहायचं तर डोकं ताळ्यावर ठेवावं लागतं, असं तिनं स्वतःला बजावलं. तरी त्या संध्याकाळी उतरताना तिनं दोनदा वळून पाहिलं.

बावीस दिवसांनी मातऱ्याची चार कॉलेजची पोरं बाहेर आली. त्यांच्या व्हॅनवाल्याला काही ठाऊक नव्हतं. तो पहिल्यांदाच वर आला होता. त्यातला एक रोटीला लुणुमिरिसचा तिखट ठेचा लावता लावता म्हणाला, "नेंदे, मागून एक काका येताहेत. चहावाल्या बाईला म्हणावं चहा ठेव, असं म्हणाले. दमलेत बिचारे. एका बुटाला नाडीच नाही, सुतळी बांधलीय."

ती सुतळी रनमेणिकेनं स्वतः बांधली होती, तो हरवला त्याच्या आदल्या दिवशी, याच बाकड्यावर बसून. सुगतदासला ते ठाऊक नव्हतं. समन्तीला, म्हणजे तिच्या लेकीलाही ठाऊक नव्हतं. जगात दोघांनाच ठाऊक होतं ते.

"आणखी काय म्हणाले?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"काही नाही. विचारत होते, फाटक किती लांब आहे."

त्या रात्री तिला झोप कुठली? तो येतोय याचा आनंद मानावा, तर तीस वर्षं ज्यानं लोकांना फाटक दाखवलं तो फाटक कुठं म्हणून विचारतोय. आणि पहिल्या खेपेला तो 'मेणिकेला सांगा' म्हणाला होता. आता 'चहावाल्या बाईला' म्हणाला. हा फरक तिला रात्रभर टोचत राहिला.

३

समन्ती पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या, सुट्टीला वर आली. बंडारवेलच्या दवाखान्यात नर्स होती ती. बापावर गेलेली, पण सरळ तोंडावर बोलणारी.

"अम्मे, वर्षाचं दान द्यायला हवं. विहारातल्या थोरल्या हामुदुरूंशी बोलून आलेय मी. सातव्या दिवसाचं दिलं नाहीस, तीन महिन्यांचं दिलं नाहीस. लोक काय म्हणतात ते जाऊ दे. तात्तांना काय वाटत असेल?"

"तात्तांना काय वाटायचंय? दान मेलेल्या माणसाच्या नावानं देतात."

"अम्मे."

"तू पाहिलंस त्याला मेलेलं? मी पाहिलं? मग कोणत्या तोंडानं त्याला पुण्य पोचो म्हणू?"

समन्ती आईसमोर उकिडवी बसली. "मला पण वाटतं गं, दार वाजलं की तात्ता असतील. पण दवाखान्यात मी बघते ना. माणूस जायला निघालेला असतो आणि घरचे हात सोडत नाहीत. हाका मारतात, हलवतात. त्याला धड राहता येत नाही, धड जाता येत नाही. फार हाल होतात, अम्मे."

रनमेणिकेनं चुलीत फुंकर घातली. डोळ्यांत धूर गेला असं म्हणायला बरं पडलं. लेकीला तिनं निरोपांचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पोरीनं तिला उद्याच्या उद्या डॉक्टरकडं नेलं असतं.

तेवढ्यात एक बाई बाहेर आली, कडेवर दोन वर्षांचं मूल. गाल्लची असावी बोलण्यावरून. बाकड्यावर बसली आणि समन्तीलाच म्हणाली, "ताई, मागं एक म्हातारे आहेत हो. कुणीतरी जाऊन आणा त्यांना. मी म्हटलं माझ्याबरोबर चला, तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून. फाटक किती लांब विचारलं. आणि म्हणाले, तिथं चहा मिळतो का?"

"म्हातारे?" समन्ती म्हणाली.

"लाल टोपी घातलेले."

समन्तीनं आईकडं पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते बघून लेकीच्याच अंगावर काटा आला. ती ताडकन उठून उजव्या अंगानं ओढ्यापर्यंत धावत गेली. अर्ध्या तासानं परत आली, घामेजलेली, पांढरीफटक.

"कुणी नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "काठीचा आवाज येत होता. वळणापलीकडं. मी गेले की पुढच्या वळणापलीकडं."

समन्ती दुपारच्या व्हॅननं गेली. जाताना आईचा हात धरून फक्त एवढंच म्हणाली, "किती दिवसांपासून?"

रनमेणिके मात्र एकाच गोष्टीवर अडली होती. 'तिथं चहा मिळतो का?' मेणिके गेली, चहावाली बाईही गेली. फेरीगणिक माणूस विसरत चालला होता, आणि तरी चालतच होता. का चालत होता? थांबत का नव्हता? तिनं कीनच्या झाडाकडं पाहिलं. सकाळी लावलेली डहाळी वाऱ्यावर हलत होती, हिरवीगार. तिनं मान फिरवली. काही गोष्टी कळल्या तरी माणूस लगेच कळून घेत नाही.

४

मग तीन दिवस वादळ झालं. वाटेवर झाडं पडली आणि फेरी बंद ठेवली. रनमेणिके सकाळी तेवढी डहाळी बदलून घरी परतायची. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, पण फाटकाला साखळी होतीच.

रनमेणिकेनं थर्मासमध्ये चहा भरला, आलं जास्त घातलं, गुळाचे दोन खडे कागदात बांधले, आणि निळा स्वेटर घालून उजव्या अंगाच्या वाटेकडं निघाली.

"अक्का! कुठं? आणि तेही उलटी?" सुगतदास खोपटातून ओरडला. "डोकं फिरलं का तुझं?"

"फेरीवर माणसाच्या मागून गेलं तर जन्मभर गाठ पडत नाही, सुगत. समोरून गेलं की चुकत नाही."

"कुणाची गाठ? आत कुणीही नाही! मी फाटक उघडलेलंच नाही तीन दिवस."

"मग माझंही काही वाईट व्हायचं नाही," ती म्हणाली आणि चालू लागली. सुगतदास चार पावलं मागे आला आणि थबकला. त्याला दोष कुणी देऊ नये. त्यानंही अधूनमधून संध्याकाळी साखळी घालताना ती काठी ऐकलेली होती, हे त्यानं पुढं कबूल केलं.

उजवीकडून शिरल्यामुळं कीनचं झाड वाटेत आलं नाही. आपली डहाळी लावायची राहिली हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पूर्वी ती कधी आत गेलीच तर तिची डहाळी मुतुबंडा लावायचा, त्याच्या कोयत्यानं तिरपी कापून. तिचा हात कधी त्या बेचक्यापर्यंत स्वतःसाठी गेलाच नव्हता.

ओढ्यापर्यंत ऊन होतं. वादळानं वाटेवरचे सगळे जुने ठसे धुऊन टाकले होते. चिखल कसा सारवल्यासारखा झालेला. आणि त्या चिखलात बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे, शेजारी काठीचं भोक. तिनं वाकून पाहिलं. डाव्या ठशात आडवी रेघ होती, तळाखालून बांधलेल्या सुतळीची. ठशावर ठसा होता, त्यावर आणखी ठसा. तीन दिवस एकच माणूस या वाटेनं गेला होता, पुन्हा पुन्हा, वादळातसुद्धा. काही ठिकाणी तो घोट्याइतका रुतला होता.

ती तिथंच मटकन बसली आणि रडली. भीती नंतर वाटली. आधी वाटली ती दया. एवढ्या पावसात! आणि आपण घरात गोधडी घेऊन झोपलो होतो.

रडून झाल्यावर ती उठली. तोवर धुकं उतरलेलं होतं. धबधब्याचा आवाज आधी पुढून येत होता, मग चहूबाजूंनी यायला लागला. लाल फुलांची वाकडी झाडं एकेक करून दिसेनाशी झाली. तिनं स्वतःला समजावलं, ठसे वनखात्याच्या माणसाचे असतील, पडलेली झाडं बघायला आला असेल. सुतळी काय, कुणीही बांधतो. तिचं डोकं हे सगळं नीट सांगत होतं आणि पाय ऐकत नव्हते. ते पुढंच जात होते.

मग काठीचा आवाज आला. टक. पाऊल. टक. पाऊल. घाई नाही, दम घेत घेत. समोरून.

५

धबधब्यापाशी दगडाचं बाक आहे. धुक्यात आधी लाल टोपी दिसली, मग बाकावर वाकून बसलेला माणूस. तो डावा बूट काढून पाणी ओतत होता. पाणी संपत नव्हतं. बुटात मावेल त्याहून कितीतरी जास्त पाणी त्या बुटातून निघत राहिलं, आणि तो सवयीनं, न कंटाळता ओतत राहिला.

"अहो," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं नाही. "फाटक किती लांब आहे हो, अक्का?"

अक्का! स्वतःपेक्षा दहा वर्षांनी लहान बायकोला! पण आवाज त्याचाच होता, आणि तो विचारत होता तेही त्याच्याच गरीब, आर्जवी ढंगानं.

"जवळच आहे," ती म्हणाली. तीस वर्षं तो दमलेल्या लोकांना हेच सांगायचा. "दोन वळणं राहिली."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. "चांगली माणसं आहेत. पण दोन वळणं झाली की पुन्हा माळ लागतो. पुन्हा कडा. मी नीट बघत जातो, तरी पुन्हा माळ."

"बसा ना जरा. चहा आणलाय. गूळ पण आहे."

"बसायला होत नाही, अक्का. बसलो की कुणीतरी उठवतं. सकाळ झाली की उठवतं." त्यानं बूट चढवला आणि सुतळी आवळली. "कोण आहे, देव जाणे. पण माझ्यावर माया असणार. तेवढं कळतं. माया नसती तर रोज कोण उठवेल?"

थर्मासचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं. सकाळ झाली की! रोज चूल पेटवायच्या आधी, अंधुक उजेडात, ती देवाला म्हणायची, लक्ष असू दे बाबा, तो आत आहे. जवळजवळ वर्षभर. एक दिवस चुकवला नव्हता.

"मेणिके आठवते का?" तिनं विचारलं. विचारू नये हे कळत असून विचारलं.

तो विचारात पडला. "मेणिके," तो म्हणाला. "कुणीतरी होतं खरं. चहा..." आणि मग त्यानं मान वर केली.

काय पाहिलं ते तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही, समन्तीलाही नाही. एवढंच म्हणायची, की तो फार फार दमलेला होता, आणि माणसानं इतकं दमू नये.

"तुम्ही एकट्याच?" तो म्हणाला. "डहाळी लावलीत ना?"

"नाही. विसरले."

"असं करू नये, अक्का. हे रान बरं नाही." तो काळजीनं म्हणाला, अगदी तसाच, जसा फाटकावर विसराळू बायकांना म्हणायचा. "तुम्ही व्हा पुढं. मी येतोच मागून. फाटकाशी पोचलो की तुमची लावतो."

ती मागे वळली आणि धावली. साठीची बाई, गुडघे धरलेले, पण धावली. मागं काठी येत होती. टक. पाऊल. ती थांबली की थांबायची.

६

सुगतदासनं तिला बाहेर पडताना पाहिलं. ती त्याच्याशी बोलली नाही. सरळ कीनच्या झाडाशी गेली, टाचा उंचावल्या आणि डहाळी धरली. सकाळीच लावलेली, पानांवर पाणी असलेली.

"जा आता," ती म्हणाली. "माझं चुकलं. मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळतेय. जा, निजा कुठंतरी."

आणि तिनं ती ओढून काढली. हातात घेऊन हमसून हमसून रडली. डोळे पुसून दुकानात आली, चूल पेटवली, चहा ठेवला आणि बाकड्यावर दोन पेले मांडले.

काठी शेवटच्या वळणाशी आली. या खेपेला पुन्हा मागं गेली नाही. सुगतदासनंही ऐकली, तो खोपटाच्या दाराला धरून उभा होता. काठी फाटकातून आली, कीनच्या झाडापाशी थोडी थांबली, आणि मग खाली जाणाऱ्या रस्त्याला लागली. दुकानासमोरून गेली तेव्हा चुलीचा धूर एका बाजूला कलला. पेल्याला कुणी हात लावला नाही. चहा न घेताच गेला.

वर्षाचं दान झालं. हामुदुरूंनी गाथा म्हटल्या, समन्तीनं आईचा हात धरून पाणी ओतलं, आणि रनमेणिकेनं स्वतःच्या तोंडानं मुतुबंडाचं नाव घेऊन पुण्य पोचतं केलं. गावजेवण झालं. लोक म्हणाले, सुटली बिचारी. तिलाही तसंच वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी ती वर आली तेव्हा कीनच्या बेचक्यात एक डहाळी होती. फाटक अजून उघडायचं होतं, आत कुणी गेलेलं नव्हतं. देठ तिरपा कापलेला, कोयत्यानं. तो काप तिनं तीस वर्षं पाहिलेला होता.

त्यानं शब्द पाळला होता. ओळखलं नाही, तरी एका विसराळू बाईसाठी आठवणीनं लावली होती. रनमेणिके लहान पोरीसारखी हसली आणि त्या देठावरून बोट फिरवत राहिली. किती दिवसांनी तिला बरं वाटलं होतं, काय सांगावं! ती डहाळी काढावी असं तिच्या मनातही आलं नाही. कशी काढणार? त्याच्या हातची होती.

दुसऱ्या दिवशी तिथं ताजी होती. तिसऱ्या दिवशीही. ती आता पहाटेच उठून यायला लागली, डहाळी बघायला. कधी लावतो, कसा येतो, हे तिनं कधी पाहिलं नाही; पण देठ ओला असायचा. 'मला सांभाळताहेत,' ती म्हणायची.

फक्त पाय दुखायला लागले. सकाळी उठली की पोटऱ्या भरून आलेल्या, जशा रात्रभर चालल्यावर याव्यात. वयानं असेल, ती म्हणाली. एक दिवस उशाशी ठेवलेल्या चपला ओल्या निघाल्या. छप्पर गळत असेल, ती म्हणाली. नावंही हल्ली पटकन आठवत नसत. परवा सुगतदासला तिनं दोनदा 'ओ भाऊ' म्हणून हाक मारली, आणि तो चेष्टा करायची विसरून तिच्याकडं बघत राहिला.

काल दुपारी कँडीचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं बाहेर आलं. पोरगी बडबडी होती. बाकड्यावर बसता बसता म्हणाली, "अम्मा, मागून एक बाई येताहेत हो. फार दमल्यात. निळा स्वेटर आहे. फाटक किती लांब म्हणून विचारत होत्या. आणि विचारत होत्या, लाल टोपीवाला कुणी दिसला का..."

बोलता बोलता तिची नजर रनमेणिकेच्या स्वेटरवर गेली, मग चेहऱ्यावर. नवऱ्याचा हात तिनं घट्ट धरला. चहा अर्धा टाकून दोघं व्हॅनकडं गेली.

रनमेणिके कीनच्या झाडाशी गेली. डहाळी हिरवीगार होती. काय करायचं ते तिला माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं हात वर केला. हात पुरत होता. बोटांना तो तिरपा काप लागला, ओला, गार.

आत कुठंतरी तीच फिरत होती, त्याला शोधत, जो आता तिथं नव्हता.

"उद्या काढीन," रनमेणिके म्हणाली. हात खाली घेतला, दुकानात गेली, आणि मागून येणाऱ्या बाईसाठी चहा ठेवला.